अडीच तासांची जमीन

दिवाळीची साफसफाई निघाली की माळ्यावरच्या जुन्या साड्यांवर दोघी हक्क सांगतात. एक बोहारीण, पाटीतल्या चकचकीत पातेल्यासकट. दुसरी त्याच घरातली, जिला यंदा तरी गोधडी शिवायची असते. बहुतेक वेळा बोहारीण जिंकते. पातेलं त्याच दुपारी ओट्यावर येतं आणि गोधडीला मात्र पाच महिने लागतात. नोकरी, लोकल, मुलांच्या परीक्षा, सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन हे सगळं सांभाळून पाच महिने कोण देणार?

पाच महिने हा आकडा खरा आहे, म्हणून आधी हिशेब मांडू. एका माणसाची गोधडी ६० इंच बाय ९० इंच. धावदोऱ्याच्या ओळी अर्ध्या अर्ध्या इंचावर घेतल्या तर १२० ओळी होतात, प्रत्येक ९० इंचांची. म्हणजे १०,८०० इंच, ३०० वार. टाक्यांचं वरखाली, गाठी आणि उरलेली टोकं धरून साडेतीनशे मीटरच्या वर दोरा लागतो. सरावाच्या हाताला एका ओळीला पंचवीस मिनिटं लागतात असं धरा, ५० तास झाले. रोज अर्धा तास, आठवड्याचे पाच दिवस, तर २० आठवडे.

पण हाच हिशेब जरा हलवून बघा. ओळी पाऊण इंचावर घेतल्या तर ८० होतात आणि काम ३३ तासांवर येतं. एक इंचावर घेतल्या तर ६० ओळी, २५ तास. दाट टाका म्हणजे चांगली गोधडी, असं सरसकट म्हणायचं कारण नाही. पूर्वीची लुगडी इतकी विरलेली असत की कापडाचा जोर संपलेला असे आणि गोधडी टाक्यांच्या जोरावर उभी राही. म्हणून बोटभर जागाही मोकळी ठेवत नसत. आज माळ्यावरून निघणारी सुती साडी दहा-पंधरा वेळा नेसलेली असते. तिला पाऊण इंच पुरतो. एक इंचाची ओळ दुपट्याला चालते, पण अंथरायच्या गोधडीत थर धुण्यात फुगतात आणि ओळींमध्ये फुगवटे दिसतात. वेळ वाचवायचाच असेल तर ओळींमधल्या अंतरात वाचवावा, टाक्याच्या लांबीत नाही. इंचाला चार टाके हवेत. तीनवर आलं की पायाच्या अंगठ्यात दोरा अडकतो आणि अख्खी ओळ ओढली जाते.

आता वेळेच्या जातीबद्दल. स्वेटर विणताना सुई निसटली तर घरं सुटतात. मशीनवर बसायचं म्हणजे मशीन मांडणं आणि आवरणं यातच वीस मिनिटं जातात. धावदोरा मात्र कुठेही थांबतो. दूध उतू जायला आलं, दाराची बेल वाजली, तर सुई काढून ठेवायची आणि उठायचं, मागे काही उसवत नाही. ज्या बायकांनी हे काम शेकडो वर्षं केलं त्यांना सलग वेळ कधीच नव्हता. त्यामुळे असेल, या कामाची घडणच अर्धवट सोडता येईल अशी आहे. सगळ्या गोधडीत सलग वेळ आणि सलग जमीन एकदाच लागते, थर अंथरून कच्चे टाके घालताना. ते काम अडीच तासांचं. मुंबईत खरी अडचण या अडीच तासांची आहे, बाकीच्या पन्नासांची नाही.

बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. पाच बाय साडेसात फुटांची गोधडी म्हणजे साडेसदतीस चौरस फूट, जवळजवळ पाव घर. फ्लॅटमध्येही पलंग, सोफा आणि कपाट वजा केलं तर फारसं वेगळं चित्र नसतं. ही जमीन मिळायची वेळ हेरावी लागते. सफाईसाठी सामान हललेलं असतं ती दुपार, किंवा घरातले सगळे लग्नाला गेलेत तो रविवार. त्या दिवशी कापड कापायला बसायचं नाही, रंग जुळवत बसायचं नाही, ते सगळं आधी झालेलं हवं. अस्तर उलटं अंथरून चारी बाजूंनी चिकटपट्टीने फरशीला चिकटवायचं, ताणलेलं पण ओढलेलं नाही. त्यावर मधला थर, त्यावर वरची बाजू सुलटी. तळहाताने मधून कडेकडे हवा काढत जायचं. मग मधोमध उभा आणि आडवा असे दोन कच्चे टाके, आणि तिथून चार-चार इंचांवर बाहेर जायचं. कडेकडून मध्ये आलात तर सगळा सैलपणा मध्ये गोळा होतो आणि अस्तराला चुण्या पडतात. त्या वरून दिसत नाहीत. चाळिसाव्या ओळीला गोधडी उलटवली की दिसतात, आणि तोवर उसवायची हिंमत राहिलेली नसते.

इथे सेफ्टी पिना वापरायचा मोह होतो, कारण पिना अर्ध्या तासात लागतात. या दमट हवेत पिन महिनाभर राहिली तर गंजते, आणि गंजाचा तपकिरी ठिपका सुती कापडातून जात नाही. काम एका आठवड्यात उरकणारं असेल तरच पिना.

जमीन मिळतच नसेल तर जेवणाचं टेबल आणि पडद्याचे दोन पाइप घ्यावेत. अस्तर एका पाइपवर गुंडाळायचं, वरची बाजू दुसऱ्यावर, मधला थर घडी करून शेजारी. टेबलावर दीड-दोन फूट उलगडायचं, थर जुळवायचे, आडवे कच्चे टाके घालायचे, पुढचं उलगडायचं. वेळ दीडपट लागतो, पण तीन संध्याकाळींत तोडून करता येतं. एकदा कच्चे टाके पडले की गोधडी मांडीवरची झाली. मग टीव्हीसमोर, गॅलरीत, मुलाच्या अभ्यासाशेजारी, कुठेही.

कापडाचा मेळ सोपा आहे. पाचवारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि ४५ इंच पन्ह्याची. तिचे ९५ इंचांचे दोन तुकडे निघतात. एक अख्खा तुकडा आणि दुसऱ्यातली १५ इंचांची पट्टी जोडली की ६० इंच रुंदीचा एक थर. उरलेली पट्टी ३० इंचांची. दुसऱ्या साडीतूनही तसंच केलं की ३० आणि ३० मिळून तिसरा थर. दोन साड्यांत तीन थर बसतात, शिवणीत जाणारा इंच सोडून. लुगड्याचा विरलेला मधला भाग काढून दोन चांगले भाग जोडायला आपल्याकडे दंड घालणं म्हणतात, ते हेच काम. फक्त तिन्ही थरांचे दंड एकावर एक येऊ देऊ नयेत, सहा इंच तरी सरकवावेत. नाहीतर तिथे दोरीसारखा उंचवटा येतो, पाठीला टोचतो, आणि सुईही तिथेच मोडते.

साडी कापण्याआधी खिडकीशी उजेडात धरावी. निऱ्यांचा खालचा भाग आणि टाच घासते तिथला काठ आधी विरतो. दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून ओढल्यावर धागे सरकले तर तो भाग बाद. जरीचा काठ काढून टाकावा. तो सुईला अडतो आणि गालाला खरचटतो. आणि सुतीतच राहावं. वरची बाजू सिंथेटिक साडीची केली तर ती सरकते, घाम शोषत नाही, आणि मुंबईत गोधडी लागते ती पहाटे पंख्याचा वारा अंगाला झोंबतो म्हणून. तीन थर बास. कापूस किंवा पॉलिस्टरची गादीसारखी भर घातलेल्या रजया इथे जानेवारीचे दोन आठवडे सोडले तर कपाटात पडून असतात.

वरची बाजू तुकड्यांची करायची असेल तर चिंध्या लागतात. गिरण्या चालू होत्या तेव्हा गिरणीच्या उरल्यासुरल्या कापडाचाही स्वतंत्र धंदा होता. फेंट, रॅग, चिंधी अशी लांबीवरून प्रतवारी असे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, आणि गिरण्यांबरोबर गिरणगावातली ती वाट हळूहळू बंद झाली. आता भरवसा ब्लाउज शिवणाऱ्या टेलरचा. टू बाय टू रुबियाचे तुकडे गोधडीला उत्तम, एकसारखे पातळ आणि रंगाला पक्के. पण टेलरच्या पिशवीत सगळी सरमिसळ असते, म्हणून प्रत्येक तुकड्याचा एक धागा पेटवून बघावा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख होते. पॉलिस्टर वितळून टोकाला कडक मणी धरतो. नवं कापड घ्यायचंच तर मंगळदास मार्केट, पण ते रविवारी बंद असतं. नोकरदार माणसाला शनिवार काढावा लागतो, आणि तिथे गेल्यावर गरजेपेक्षा तिप्पट कापड घेऊन परत येण्याची शक्यता धरून चालावी.

नवं आणि जुनं एकत्र येणार असेल तर नवं आधी गरम पाण्यात धुऊन आटवावं, मांजरपाट तर दोनदा. जुनी साडी आटायची तेवढी आटलेली असते. न धुता जोडलं तर पहिल्या धुण्यात नवा तुकडा आत खेचला जातो आणि शेजारची साडी सुरकुतते. लाल, निळ्या आणि काळ्या रंगाचा तुकडा ओला करून पांढऱ्या रुमालात तासभर दाबून ठेवावा. रुमालाला डाग लागला तर त्या कापडाचं पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुणं, किंवा सरळ वगळणं, एवढे दोनच मार्ग. मिठाच्या पाण्यात बुडवलं की रंग पक्का होतो, हे घरोघरी सांगितलं जातं. बाजारातल्या छापील कापडाला मिठाने काही होत नाही.

तुकडे जोडणं हे प्रवासाचं काम. सहा इंचांचे तयार चौकोन धरले तर १० आडवे आणि १५ उभे, एकूण १५० तुकडे. चारी बाजूंना पाव इंच शिवणीचं धरून साडेसहा इंचांचे कापायचे. एका ओळीत नऊ जोड, पंधरा ओळींत १३५. एका जोडाला हाताने पाच मिनिटं, म्हणजे सव्वाअकरा तास. विरार ते चर्चगेट साठ किलोमीटर. बसायला जागा मिळालेल्या प्रवासात पाच-सहा जोड सहज होतात. लेडीज डब्यात भाजी निवडली जाते, क्रोशा चालतो, तिथे हेही खपतं. पण उभ्याने सुई हातात घेऊ नये, आणि तिघींच्या बाकावर कडेला टेकतात त्या चौथ्या सीटवरही नाही. दादरला चढणाऱ्या गर्दीत उघडी सुई कोणाच्या हातात घुसेल सांगता येत नाही. डब्यात (आपल्या, गाडीच्या नव्हे) ठेवायचं ते एवढंच: क्रमाने टाचलेल्या दहा तुकड्यांची एक ओळ, दोरा ओवलेल्या तीन सुया, मेणाचा खडा. कात्री घरी ठेवावी. मेट्रोच्या तपासणीत ती अडकू शकते, शिवाय दोरे आधीच दीड हाताचे कापून आणले तर तिचं कामच उरत नाही. दोरा त्याहून लांब घेतला तर पीळ पडतो आणि प्रत्येक चौथ्या टाक्याला गाठ बसते. मेणावरून एकदा ओढला तर ते कमी होतं.

लांबचे चौदा जोड, ओळीला ओळ जोडण्याचे, मशीनवर मारले तर तासाभरात होतात आणि त्यात कमीपणा मानायचं काही कारण नाही. सगळे तुकडेही मशीनवर जोडता येतील, तीन-चार तासांत. थर मात्र घरगुती मशीनवर शिवू नयेत. सुई आणि मशीनच्या खांबामधल्या सहा-सात इंचांत एवढ्या मोठ्या गोधडीची गुंडाळी मावत नाही, आणि दाबपट्टी वरचा थर पुढे ढकलते. रात्री दहानंतर मशीनची धडधड खालच्या मजल्यावर जाते, ती वेगळीच.

थर शिवायचा दोरा सुती घ्यावा, जाड. दोऱ्याचा नंबर जितका लहान तितका दोरा जाड. जाड नाही मिळाला तर मशीनचा ४० नंबर दुहेरी चालतो. नायलॉनचा दोरा तुटत नाही म्हणून लोक घेतात, पण गोधडीत ताण आला तर दोरा तुटायला हवा, कापड नाही. तुटलेली ओळ दहा मिनिटांत पुन्हा घालता येते, फाटलेल्या साडीवर ठिगळ लावावं लागतं.

व्यत्यय दोन प्रकारचे. एक पाच मिनिटांचे, त्यांचं काही वाटून घ्यायचं नाही. दुसरे दीड-दोन महिन्यांचे: घरात आजारपण, बदली, बारावीचं वर्ष, बाळंतपण. त्यांची सोय आधीच करून ठेवावी लागते. काम थांबवताना ओळ पूर्ण करावी, दोऱ्याची चार बोटं टोक ठेवावं, आणि सुई कापडात अजिबात ठेवू नये. पावसाळ्यात दोन आठवडे टोचून ठेवलेली सुई दोन तपकिरी भोकं सोडते. एका चिठ्ठीवर ओळींमधलं अंतर, दोऱ्याचा नंबर आणि शेवटच्या ओळीची बाजू लिहून चिठ्ठी कोपऱ्याला टाचावी. आता अंतर लक्षात आहे, तेव्हा दोन महिन्यांनीही राहील, असं प्रत्येकीला वाटतं.

परत बसाल तेव्हा हात बदललेला असतो. पहिले दोन-चार दिवस टाका एकतर आवळतो, नाहीतर लांबतो. म्हणून थांबलेल्या ओळीच्या शेजारी सुरू करू नये. जुना आणि नवा टाका एकमेकांना लागून आले की फरक डोळ्यांत भरतो. गोधडी फिरवून मधल्या टाक्याच्या पलीकडच्या बाजूने सुरू करावं. हात बसला की इकडे परत यावं. कच्चे टाके जागेवर असतात तोवर ही मोकळीक आहे.

आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या बायकांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, बघण्यासारखी आहे ती यासाठीही. कर्नाटकात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडकडे त्या एका कोपऱ्यापासून सुरू करतात, कडेकडेने तुकडे ठेवत आणि शिवत आत येतात, आणि मध्याला संपवतात. वरची बाजू आधी जोडायची नाही, टाचणं, जोडणं, शिवणं एकाच धावदोऱ्यात. चारी कोपऱ्यांना त्रिकोणी फुला लावल्याशिवाय कवंदी पुरी होत नाही. ज्या घरात अडीच तासांची जमीन काही केल्या मिळत नाही तिथे ही रीत उपयोगाची. मात्र तीस इंचांच्या दुपट्यावर हात बसवून मगच मोठ्याला हात घालावा. अस्तर सतत ताणून बघायची सवय लागली नाही तर मध्याशी येईपर्यंत पोट सुटतं.

मुंबईच्या वर्षाला एक स्वाभाविक क्रम आहे, त्याच्याशी भांडू नये. साड्या धुऊन, कडक वाळवून कापायच्या त्या मेमध्ये. जून ते सप्टेंबर फक्त तुकडे जोडायचे, कारण लहान काम दमट हवेत खराब होत नाही आणि पिशवीत मावतं. गणपतीचे दिवस हिशेबातून वगळावेत, सुई हातात आली तर नशीब. दिवाळीच्या सफाईत अंथरणी. नोव्हेंबर ते एप्रिल ओळी. या सहा महिन्यांतही आठवड्याला अडीच तास धरले तर पाऊण इंचाच्या ८० ओळींचं ३३ तासांचं काम बसतं आणि जवळजवळ निम्मे आठवडे आजारपणाला, पाहुण्यांना आणि कंटाळ्याला शिल्लक राहतात. गडद कापडावरच्या ओळी रविवारच्या उजेडासाठी राखून ठेवाव्यात. ट्यूबलाइटखाली काळ्यावर काळा टाका दिसत नाही आणि डोळे दुखतात.

पावसाळ्यात अर्धी गोधडी प्लास्टिकच्या पिशवीत घालू नये. आत ओल कोंडते आणि बुरशीचे काळे ठिपके पडतात. सुती उशीच्या अभ्र्यात, घडी न करता गुंडाळून ठेवावी. खळ दिलेली साडी असेल तर खळ आधी धुऊन काढावी, कसर खळीवर येते. आणि पलंगाखाली नाही, माळ्यावर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तळमजल्यावर राहणाऱ्यांना माळ्याचं कारण वेगळं सांगायला नको.

घरातल्या माणसांबद्दल दोनच गोष्टी. कोणाचीही साडी विचारल्याशिवाय कापायची नाही, मग ती दहा वर्षं नेसलेली नसली तरी. गेलेल्या माणसाची असेल तर घरातल्या सगळ्यांना विचारायचं आणि पदर बाजूला काढून ठेवायचा. दुसरी गोष्ट सुयांची. डबीत पाच सुया असतील तर उठताना पाच मोजायच्या. रांगतं मूल असलेल्या घरात एक हरवलेली सुई महिनाभराचं काम बंद पाडते, आणि तसंच व्हायला हवं. शाळकरी मुलं असतील तर त्यांच्याकडून रात्री दहा सुया ओवून घ्याव्यात. चाळिशीनंतर ओवण्यात जाणारा वेळ टाक्यांइतकाच होतो, आणि मुलांना ते काम आवडतं. निदान पहिले चार दिवस.

शेवटी दोन इंचांच्या पट्टीचा गोट लावायचा, कच्चे टाके काढायचे, आणि मेमध्येच पहिलं धुणं. तीन थरांची सुती गोधडी कोरडी सव्वा-दीड किलो भरते, ओली तिप्पट. ती एका दोरीवर टाकली तर मधोमध ताणून ओळी ओढल्या जातात. फूटभर अंतरावरच्या दोन दोऱ्यांवर आडवी टाकावी, उलटी बाजू उन्हाकडे. गच्चीची किल्ली वॉचमनकडून शनिवारी रात्रीच मागून ठेवावी, रविवारी सकाळी तिथे पापडवाल्या आधी पोचलेल्या असतात.